तत्त्वज्ञान शिकायला जाण्याआधी काय वाचावं, आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी विज्ञान शाखेतून झाली, बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं नक्की झालं, कॉलेज सुरू व्हायला तीन महिने आहेत. घरी वारकरी परंपरा, वडील दर वर्षी दिंडीत चालतात. संस्कृत येत नाही, इंग्रजी पुस्तक वाचताना दमछाक होते. अशा स्थितीत तत्त्वज्ञान, धर्म आणि नीती या तिन्हींची तयारी आपली आपण वाचून कशी करावी? आणि वाचता वाचता श्रद्धा उडाली तर काय, ही धास्तीही तू लिहिली आहेस.

मी पदवीच्या मुलामुलींना हा विषय शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. त्या अनुभवावरून सांगतो: या तीन महिन्यांत तत्त्वज्ञानाचा इतिहास वाचू नकोस. मोजके, छोटे, मूळ मजकूर घे आणि त्यातला एकेक युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत लिहायला शीक. तो असा लिहिता आला पाहिजे, की ज्याचं मत तू मांडते आहेस तो माणूस समोर असता तर म्हणाला असता, ‘बरोबर, मला हेच म्हणायचं आहे.’ पूर्वपक्ष मांडणं म्हणजे हेच. खंडन नंतर. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येतो त्याला या विषयात पुढे फारसं अडत नाही, आणि ज्याला येत नाही त्याने कितीही वाचलं तरी ते अंगी लागत नाही.

इतिहास नको म्हणतो त्याला कारण आहे. पहिल्या वर्षाला येणारी वाचणारी मुलं बहुतेक वेळा एखादा जाडजूड इतिहास वाचून आलेली असतात. देकार्तने कशाकशावर संशय घेतला, शंकराचार्यांनी जगाला मिथ्या का म्हटलं, बुद्धाने आत्मा नाकारला, हे सगळं एकेका वाक्यात तोंडपाठ असतं. पण ‘देकार्त असं का म्हणतो? त्याच्या जागी तू असतीस तर तुला तसं म्हणावं लागलं असतं का?’ असं विचारलं की गाडी अडते. मतं लक्षात राहिलेली असतात, त्या मतांपर्यंत नेणारी वाट चाललेलीच नसते. अशा मुलांना आधी पाठ झालेलं विसरायला लावावं लागतं, आणि त्यात एक सत्र जातं. तू विज्ञानाची आहेस. प्रमेय पाठ असणं आणि त्याची सिद्धता करता येणं यातला फरक तुला वेगळा सांगायला नको.

सुरुवात प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादापासून कर. तो वीसेक पानांचा आहे. तुझे तिन्ही विषय, म्हणजे देव, नीती आणि विचार करण्याची रीत, त्यात एका जागी आले आहेत. प्रसंग असा: सॉक्रेटीसवर देवांच्या बाबतीत पाखंडाचा आरोप आहे, त्या खटल्यासाठी तो न्यायालयाच्या आवारात आला आहे. तिथे त्याला युथिफ्रो भेटतो. युथिफ्रो खुद्द आपल्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलेला आहे. त्यांच्या शेतावर कामाला असलेल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. बापाने त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकात टाकलं आणि आता पुढे काय करायचं हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. तो माणूस परत येण्याआधीच मजूर थंडीने आणि भुकेने मेला. घरचे म्हणतात, बापाला कोर्टात खेचणं हे पाप आहे. युथिफ्रो म्हणतो, पुण्य काय आणि पाप काय हे मला नेमकं माहीत आहे. सॉक्रेटीस म्हणतो, मग मलाही सांग.

इथवर वाचून पुस्तक मिट आणि आपल्या घरात असं झालं असतं तर कोण काय म्हणालं असतं ते लिहून काढ. आजी काय म्हणाली असती, काका काय म्हणाले असते. नीतिशास्त्राचा प्रश्न कसा जन्माला येतो हे त्यातून जितकं कळेल तितकं कोणत्याही व्याख्येतून कळणार नाही.

मग पुढे वाच. युथिफ्रो आधी म्हणतो, मी आत्ता जे करतो आहे तेच पुण्य. सॉक्रेटीस म्हणतो, हे उदाहरण झालं, मला लक्षण, म्हणजे व्याख्या हवी आहे. युथिफ्रो म्हणतो, देवांना जे प्रिय ते पुण्य. सॉक्रेटीस आठवण करून देतो की तुमच्या पुराणात तर देवांचीच आपसांत भांडणं आहेत, मग एकच कृत्य एकाला प्रिय आणि दुसऱ्याला अप्रिय होईल. युथिफ्रो दुरुस्ती करतो: सगळ्या देवांना जे प्रिय ते पुण्य. आणि मग तो प्रश्न येतो, जो आजही या विषयाच्या पहिल्या महिन्यात शिकवला जातो: पुण्य हे पुण्य आहे म्हणून देवांना प्रिय असतं, की देवांना प्रिय असतं म्हणून ते पुण्य ठरतं?

या वाक्यावर एक अख्खा दिवस घालव. पहिली बाजू घेतली तर पुण्य हे देवांच्या आवडीच्या आधीच पुण्य आहे, मग ते कशामुळे पुण्य आहे हे देवांकडे न बघता शोधावं लागेल. दुसरी बाजू घेतली तर देवांना उद्या वेगळं काही आवडू लागलं की पुण्यही बदलेल, आणि ‘देव चांगले आहेत’ या म्हणण्याला काही वजनच उरणार नाही. दोन्हींतून सुटायची वाट आहे का? आहे असं म्हणणारे पुष्कळ विचारवंत झाले. पण त्यांची उत्तरं आत्ता शोधू नकोस, तुझं उत्तर लिही. संवादाच्या शेवटी युथिफ्रोला घाई होते आणि तो निघून जातो. प्रश्न तिथेच राहतो, आणि प्लेटोने तो मुद्दाम तिथे ठेवला आहे.

आता हाच प्रश्न आपल्या परंपरेला विचार, म्हणजे आपली परंपरा किती वेगळ्या जागी उभी आहे ते दिसेल. वेदातल्या विधींचा अर्थ लावणारं दर्शन म्हणजे पूर्वमीमांसा. तिच्या मूळ ग्रंथात, जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, धर्माचं लक्षण दिलं आहे: ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’, म्हणजे वेदातल्या विधीवरून जे कळतं आणि जे हिताचं आहे तो धर्म. पूर्वमीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ता नाही, देवसुद्धा नाही. त्यामुळे ‘देवाला आवडलं म्हणून’ ही अर्धी बाजू इथे मुळातच नाही. मग प्रश्न संपला का? नाही, त्याचं रूप बदललं. विधी आहे म्हणून करायचं, की करण्याजोगं आहे म्हणून विधी आहे? भाष्यकार शबर म्हणतो, सूत्रात हिताची अट घातली आहे ती श्येनयागासारख्या गोष्टी वगळण्यासाठी. श्येनयाग म्हणजे शत्रू मरावा म्हणून करायचा याग. तो वेदात आहे, तरी तो धर्म नव्हे. वेदाला अंतिम प्रमाण मानणाऱ्या माणसालाही हिताचा विचार दारातूनच आत घ्यावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डॉ. आंबेडकरांचं ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात ते मिळेल. तिथे ते धर्मालाच न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्यांवर उभं करतात. अथेन्सचा प्रश्न, जैमिनीचं सूत्र आणि आंबेडकरांचं प्रकरण एका आठवड्यात शेजारी शेजारी वाचलंस तर धर्माचं तत्त्वज्ञान हा विषय कशासाठी आहे हे तुला कुणी समजावून सांगायची गरज राहणार नाही.

आता वहीबद्दल. एक दोनशेपानी वही घे. डाव्या पानावर लेखकाचं म्हणणं, उजव्या पानावर तुझं. डाव्या पानावर आधी निष्कर्ष लिही, एका वाक्यात. त्याखाली तो कशाच्या आधारावर काढला आहे ती विधानं, एकाखाली एक. लेखकाने न सांगता गृहीत धरलेलं काही असेल तर ते कंसात लिही. बहुतेक वेळा वादाची खरी जागा त्या कंसात सापडते. उजव्या पानावर शंका लिहिताना ‘मला पटत नाही’ असं कधी लिहू नकोस. डावीकडचं कोणतं विधान पटत नाही, की विधानं पटतात पण त्यावरून निष्कर्ष निघत नाही, हे लिही. सगळं तर्कशास्त्र या एका भेदावर उभं आहे. एवढा सराव महिनाभर केलास तर तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक तुला जड जाणार नाही. दि. य. देशपांडे यांचं ‘युक्तिवादाची उपकरणे’ मिळालं तर सोबत ठेव. न मिळाल्यास रोजच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख घे आणि त्याची अशी मांडणी करून बघ. कित्येक अग्रलेखांत निष्कर्ष तीन आणि आधार अर्धा असतो, हे एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं. दिवसाला दोन पानं वाचून एक पान लिहिलंस तरी पुरे.

दुसरा मोठा मजकूर मराठीतलाच घे: टिळकांचं ‘गीतारहस्य’. सगळं नाही. मंडालेच्या तुरुंगात 1910–11च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि 1915 साली छापलेला हा ग्रंथ घराघरांत कपाटात असतो, पण नीतिशास्त्राचं पुस्तक म्हणून तो फार थोडे लोक उघडतात. तू ‘कर्मजिज्ञासा’, ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ ही तीन प्रकरणं वाच. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, चार दिवस त्रास होईल, मग कान बसतो. ‘कर्मजिज्ञासे’त टिळक दोन कर्तव्यांमध्ये अडकलेल्या माणसांची रांगच उभी करतात. अर्जुन तर आहेच, पण शेक्सपिअरचा हॅम्लेट आहे, दुष्काळात कुत्र्याचं मांस खाऊन जीव वाचवणारा विश्वामित्र आहे. सत्य, अहिंसा, अस्तेय यांपैकी प्रत्येक नियमाला अपवाद कुठे करावा लागतो ते ते दाखवत जातात आणि मग विचारतात, अपवाद ठरवायचा कशावरून?

पुढच्या प्रकरणात एक उमेदवार उत्तर येतं: पुष्कळांचं पुष्कळ सुख ज्यात आहे ते करावं. हा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा आणि त्याच्यासारख्या मंडळींचा उपयुक्ततावाद. टिळक त्यावर तुटून पडतात. एक हल्ला संख्येवर: पांडवांची सेना सात अक्षौहिणी, कौरवांची अकरा, मग जास्त लोकांचं सुख म्हणून काय कौरवांची बाजू न्यायाची ठरवायची? दुसरा हल्ला हेतूवर, आणि त्यासाठी उदाहरण ट्रामचं. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम हवी होती, परवानगी मिळायला उशीर होत होता, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली. ट्राम सुरू झाली, लोकांची मोठी सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीला आलं आणि तो दोषी ठरला. परिणाम तर पुष्कळांच्या सुखाचा होता. मग दोष कसला? टिळकांचं उत्तर असं की बाहेरचा परिणाम मोजून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते.

वाचताना टिळकांचा जोर असा असतो की आपण मान डोलावत पुढे जातो. इथेच थांब. टिळकांनी मिलचा पूर्वपक्ष मिलला मान्य होईल असा मांडला आहे का, हे तपासायला मिलचं ‘युटिलिटेरियनिझम’ उघड आणि फक्त दुसरं प्रकरण वाच. हे लेखन 1861 साली मासिकातून आलं. तिथे मिल स्वच्छ म्हणतो, बुडणाऱ्याला वाचवणारा योग्यच कृत्य करतो, मग तो कर्तव्य म्हणून वाचवो की बक्षिसाच्या आशेने. हेतूवरून माणसाची किंमत कळते, कृत्य योग्य की अयोग्य हे कळत नाही. म्हणजे टिळकांच्या दुसऱ्या हल्ल्याचं उत्तर मिलकडे आधीपासून तयार आहे. संख्येच्या हल्ल्यावरही मिल म्हणू शकतो की मी डोकी मोजत नाही, सुख मोजतो, आणि रणांगणावरच्या अठरा अक्षौहिणींपुरतं नाही तर दुर्योधन राजा झाला तर पुढच्या पिढ्यांचं काय होईल ते धरून मोजतो.

तेव्हा टिळक हरले का? तसंही नाही. बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्याचा बेत त्याला पुढे हालहाल करून मारण्याचा असेल तर? हा आक्षेप मिलच्या हयातीतच कुणी घेतला होता आणि एका तळटिपेत त्याला उत्तर देताना मिलला हेतू (माणूस ते का करतो) आणि उद्देश (तो काय करायला निघाला आहे) यांत फरक करावा लागला. तो फरक टिकतो का? लाच देणाऱ्या व्यवस्थापकाचा उद्देश काय धरायचा, ट्राम सुरू करणं की अधिकारी विकत घेणं? मिलने उद्देश आत घेतला म्हणजे टिळकांची निम्मी मागणी मान्य केली असं म्हणायचं का? या प्रश्नांवर तुझ्या वहीची आठ-दहा पानं भरली पाहिजेत. माझ्या मते टिळकांची मिलवरची टीका अपुरी आहे, पण त्यांनी बोट ठेवलेली जागा खरी दुखरी आहे. तुझं मत याच्या उलट झालं तरी चालेल, ते कशावरून झालं हे वहीत दिसलं पाहिजे.

दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं किती कष्टाचं असतं याचा एक दाखला पुण्यातच घडला आहे. 1983 साली दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे प्रभृती तत्त्वज्ञांनी इथे पारंपरिक पंडित आणि विद्यापीठांत पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवलं. चर्चेला विषय होता बर्ट्रांड रसेलचा विधानाविषयीचा सिद्धान्त. तो संस्कृतात उतरवून नैयायिकांपुढे, म्हणजे न्याय या आपल्या जुन्या तर्कपरंपरेच्या पंडितांपुढे ठेवला गेला, आणि न्यायशास्त्रात मुरलेल्या पंडितांनी त्यावर आपल्या शास्त्राच्या परिभाषेत शंका काढल्या. दोन परंपरांना एकमेकींचं खरोखर ऐकायचं असेल तर किती तयारी लागते, हे त्या प्रयोगाने दाखवलं. रेग्यांचं मराठी लेखन मिळेल तिथे वाच. ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ हे त्यांचं पुस्तक दुसऱ्या वर्षासाठी ठेव, पण त्यांचे लेख आत्ताही वाचता येतील. मराठीत तत्त्वज्ञानाचं गद्य किती स्वच्छ होऊ शकतं हे त्यांच्याकडून शिकावं.

नीतिशास्त्राला आणखी एक जागा सुचवतो, ती थोडक्यात. महाभारताच्या सभापर्वातला द्रौपदीचा प्रश्न. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला आणि मग मला पणाला लावलं, तर तसं करायचा त्याला अधिकार होता का? तिने मागितला आहे तो निवाडा, दया नव्हे. भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळतो. विकर्ण, तो कौरवांचाच भाऊ, उठून मुद्देसूद कारणं देतो. कर्ण त्याला उत्तर देतो. या चौघांची डावी पानं तयार कर. नंतर वाटलं तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाच आणि त्या प्रश्नाकडे त्या कशा बघतात ते ताडून पाहा.

धर्माचा अभ्यास हा मात्र वेगळा प्रकार आहे, आणि इथे विज्ञानाच्या मुली-मुलांची गफलत होते. ‘देव आहे का’ हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. ‘माणसं देवाचं काय करतात, कधीपासून करतात, ग्रंथात काय लिहिलं आहे आणि ते कोणी, केव्हा लिहिलं’ हे धर्माच्या अभ्यासाचे प्रश्न. पहिल्याचं उत्तर कोणतंही असलं तरी दुसरे तसेच उरतात. त्यांची रीत शिकायला धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’सारखं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. गोव्याच्या साखवाळात जन्मलेला हा माणूस बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घर सोडून निघाला, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला, पाली ग्रंथांत मुरला. तरी भक्त असूनही पुराव्याला सोडत नाही. सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, मध्यरात्री कुणाला न सांगता घर सोडून गेला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. कोसंबी सुत्तपिटकातला, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातला, अरियपरियेसन सुत्त काढून दाखवतात. तिथे बुद्ध स्वतः सांगतो की आईवडील रडत असताना मी केस कापून घर सोडलं. म्हणजे चोरून जाणं नाही. मग अत्तदण्ड सुत्ताकडे वळून शस्त्रं हाती घेतलेल्या, आपसांत झगडणाऱ्या माणसांना पाहून वाटलेलं भय हे गृहत्यागाचं कारण म्हणून पुढे ठेवतात. आता आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना वाच. तेही तीच जुनी गोष्ट नाकारतात, पण वेगळ्या वाटेने: एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याने म्हातारपण किंवा मरण पाहिलंच नाही असा माणूस असेल कसा? एक जण ग्रंथातला जुना थर शोधतो, दुसरा संभाव्यतेचा तर्क लावतो. एकाच निष्कर्षाकडे जाणाऱ्या या दोन पद्धती ओळखता आल्या की धर्माच्या अभ्यासातलं पहिलं पाऊल पडलं.

दुसरं पाऊल तुझ्या घरातच आहे. पालख्या जून-जुलैमध्ये निघतात. वडिलांबरोबर एखादा टप्पा चाल, आणि संध्याकाळी वही काढ. काकड्याला कोण आलं, विणा कोणाच्या गळ्यात होती, हरिपाठात कोणते अभंग झाले, कीर्तनात महाराजांनी कोणता अभंग निरूपणाला घेतला आणि त्यातून काय काढलं, जेवणाची पंगत कशी बसली. त्यावर मत आत्ता लिहू नकोस. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी त्यावर लिहिलं. त्या लेखात वारीबद्दलचं प्रेमही आहे, आणि एकाच विठोबाला निघालेल्या माणसांच्या जातीवार वेगळ्या पंगती पाहून झालेलं दुःखही आहे. दोन्ही तितकंच खरं, आणि एक लिहिण्यासाठी दुसरं लपवावं लागलेलं नाही. वडिलांना विचार: तुम्ही का जाता? जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिही, सुधारू नकोस, आणि त्याला लगेच ‘भक्तिमार्ग’ वगैरे नाव देऊ नकोस.

आता श्रद्धेची धास्ती. ती राहील की जाईल हे कोणी शिक्षक तुला सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून जपून राहा. माझ्या वर्गातून गेलेल्यांपैकी काहींची गेली, काहींची राहिली, काहींची रूप बदलून राहिली. पण तू एक भीती मनात धरली आहेस ती निराधार आहे असं मला वाटतं: की प्रश्न विचारणं म्हणजे घराशी बेइमानी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने शास्त्र शिकले आणि त्याच बळावर त्यांनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ केली. जोतिराव फुल्यांनी प्रचलित धर्मावर कडक प्रहार केले, पण शेवटचं पुस्तक लिहिलं ते ‘सार्वजनिक सत्यधर्म’ नावाचं, आणि त्यात निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता आहे. एक आत राहून प्रश्न विचारणारा, दुसरा बाहेर पडून नवा धर्म मांडणारा. दोघांपैकी कोणाचंही धर्माकडे दुर्लक्ष नव्हतं. वडिलांशी वाद घालायला मात्र तीन महिन्यांचं वाचन वापरू नकोस. ते वाचन त्यासाठी पुरेसं नाही, आणि वारी हा त्यांचा युक्तिवाद नाही.

भाषेचं सांगतो. संस्कृत आत्ता लागत नाही. पुढे भारतीय दर्शनं खोलात शिकायची ठरली तर दुसऱ्या वर्षापासून सुरू कर, तेव्हा कशासाठी शिकतो आहोत हे माहीत असेल. इंग्रजी मात्र लागेल, आणि ती युक्तिवाद वाचूनच सुधारते. मिल, ह्यूम, देकार्त यांचं इंग्रजी जुनं आणि गुंतागुंतीचं आहे. जोनाथन बेनेट या तत्त्वज्ञाने अशा कितीतरी मजकुरांची वाक्यं सोपी करून, मुद्दे मोकळे करून आवृत्त्या केल्या आहेत. ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. इंग्रजी वाचून डावं पान मराठीत लिही. मराठीत लिहिता आलं नाही तर इंग्रजीत कळलेलं नाही असं समज. अडलेल्या संज्ञेसाठी मराठी विश्वकोश आधी बघ, तो ऑनलाइन आहे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत 1974 साली निघाला. गावातल्या जुन्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या संदर्भ विभागात विचार, बहुधा वरच्या फळीवर असेल. ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’चं नाव तुला सगळे सांगतील. तो उत्तम आहे, पण त्यातल्या नोंदी विषय येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. पहिले दोन परिच्छेद वाचून बंद करायला हरकत नाही. व्हिडिओ आणि तयार सारांश यांच्या वाटेला मूळ मजकूर वाचून, डावं पान लिहून झाल्यावर जा, आधी नाही. आधी गेलीस तर दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष डोक्यात बसतो आणि मग मजकुरात तेवढंच दिसतं.

शक्य असेल तर सोबतीला कोणी शोध. ते तत्त्वज्ञानवालं असायला हवं असं नाही. बारावीची मैत्रीण चालेल, धाकटा भाऊ चालेल. आठवड्यातून एकदा तिने टिळक व्हायचं, तू मिल व्हायचं, पुढच्या आठवड्यात उलट. बोलताना ज्या ठिकाणी अडखळशील तिथे परत पुस्तकाकडे जा.

काय वाचू नये हेही विचारलं आहेस. कांटचं ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’, हेगेल, शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य आणि ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ यांना आत्ता हात लावू नकोस. चारही ग्रंथ थोर आहेत, पण प्रत्येकाचा पूर्वपक्ष आधी माहीत असल्याशिवाय उघडत नाहीत. ‘अमृतानुभवा’तलं अज्ञानखंडन कोणाच्या अज्ञानाचं खंडन करतं हेच कळलं नाही तर नुसत्या ओव्या उरतात. सर्वदर्शनसंग्रह मात्र चाळायला हरकत नाही. त्यात निरनिराळ्या दर्शनांची मतं मांडली आहेत. त्याचा कर्ता माधवाचार्य, चौदाव्या शतकातला वेदान्ती, सुरुवात करतो ती चार्वाकापासून, म्हणजे स्वतःच्या मतापासून सर्वांत दूर असलेल्या माणसापासून, आणि त्याचं म्हणणं आधी मांडून घेतो. ते पहिलं प्रकरण छोटं आहे. मराठी भाषांतरावरून त्याचं डावं पान लिहून बघ. चार्वाक अनुमान का नाकारतो हे एका पानात बसवता आलं, तर पहिल्या सत्रात ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ज्ञान कसं होतं या विषयाच्या तासाला पहिल्या बाकावर बसायला हरकत नाही.